शंभर इंची दुर्बिणीपाशीं एक रात्र

ज्योतिर्विद् आणि दुर्बीण यांचें नांव एकत्र निघालें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. रात्रीची निवांत वेळ आहे, एक वृद्ध विद्वान् नळीच्या टोंकाला डोळा लावून बसला आहे, आणि मधूनच कांहीं अद्भुत दिसून तो आनंदाचे उद्गार काढीत आहे. गॅलिलिओच्या काळापुरतें हें चित्र खरें होतें. १६१० सालीं गुरूचे चार चंद्र त्यानें असेच स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिले. परंतु एकोणिसावें शतक संपतां संपतां दुर्बिणीच्या टोंकाशीं असलेली डोळ्याची जागा फोटोच्या कांचेनें घेतली, आणि वेधशाळेंतील रात्रीचें स्वरूपच पालटलें. ती पाहण्याची रात्र न राहतां राबण्याची रात्र झाली. गिरणींतल्या रात्रपाळीप्रमाणें किंवा जहाजावरील पहाऱ्याप्रमाणें तिचीं ठरलेलीं कामें आहेत, ठरलेल्या वेळा आहेत, आणि त्या चुकल्या तर त्या रात्रीचें नुकसान कोणालाहि भरून देतां येत नाहीं.

हें काम कसें चालतें हें समजून घ्यावयाचें तर एखादी खरीच रात्र डोळ्यांपुढें ठेवणें बरें. ५ ऑक्टोबर १९२३ ची रात्र त्यासाठीं फार सोयीची आहे. त्या रात्रीं अमेरिकेंतील माऊंट विल्सन वेधशाळेंत पाऊण तासाचा एक फोटो घेण्यांत आला. रोजच्याच कामांतला तो एक फोटो होता. परंतु विश्व केवढें आहे या प्रश्नाचा निकाल त्या कांचेवर लागला.

माऊंट विल्सन हा डोंगर कॅलिफोर्निया संस्थानांत, लॉस एंजेलिस शहराच्या ईशान्येस आहे. त्याची उंची सुमारें ५,७०० फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहून किंचित् अधिक आहे. पॅसिफिक महासागरावरून येणारी हवा तेथें पुष्कळदां अगदीं संथ असते, आणि वेध घेणाऱ्यास संथ हवेसारखें दुसरें सुख नाहीं. ताऱ्यांचें लुकलुकणें कवींना कितीहि प्रिय असलें तरी ज्योतिर्विदाला तें नकोसें असतें. कारण लुकलुकणारा तारा फोटोच्या कांचेवर बिंदूसारखा न उमटतां डागासारखा पसरतो. जॉर्ज एलरी हेल यांनीं १९०४ सालीं ही वेधशाळा स्थापन केली ती या संथ हवेच्या लोभानेंच.

येथील मोठ्या दुर्बिणीचें सर्वस्व म्हणजे तिचा आरसा. त्याचा व्यास १०० इंच आणि वजन सुमारें साडेचार टन. त्याची कांच फ्रान्समधील सें गोबँ येथील कारखान्यांत ओतली गेली. १९०८ सालीं ती अमेरिकेंत येऊन पोहोंचली तेव्हां तिच्यांत हवेचे बुडबुडे राहून गेलेले आढळले आणि हेल यांनीं ती निरुपयोगी ठरविली. पुढें दुसरी कांच ओतण्याचे प्रयत्न फसले, म्हणून नाइलाजानें तीच घासावयास घेतली. घासून तिला योग्य तो खोलगटपणा आणण्यास कित्येक वर्षें लागलीं. १९१७ सालीं मोटार-ट्रकवर घालून तो आरसा डोंगराच्या अरुंद वाटेनें वर नेला. ज्या व्यापाऱ्यानें कांचेसाठीं पैसा दिला त्याच्या नांवावरून या यंत्रास हूकर दुर्बीण असें नांव पडलें.

दुर्बिणीचा हलणारा भाग सुमारें १०० टन वजनाचा आहे. एवढें धूड कोणत्याहि दिशेला वळवावयाचें आणि पुन्हां ताऱ्याबरोबर केसभरहि न चुकतां चालवावयाचें, हें काम कसें साधावें? यासाठीं तिचा पाळणा पाऱ्यानें भरलेल्या टांक्यांत तरंगता ठेवला आहे. पृथ्वी फिरते म्हणून तारे पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत असतात. दुर्बीण स्थिर ठेवली तर कांचेवर ठिपक्यांऐवजीं रेघा उमटतील. तेव्हां दुर्बिणीनेंहि त्याच गतीनें फिरलें पाहिजे. भिंतीवरील जुन्या घड्याळांत वजन हळूहळू खालीं उतरतें आणि कांटे चालतात, त्याच युक्तीनें ही दुर्बीण चाले. मात्र येथें खालीं उतरणारें वजन सुमारें दोन टनांचें होतें.

आतां त्या काळचा वाद काय होता तें पाहूं. आकाशांत देवयानी नांवाचा तारकासमूह आहे. त्यांत कापसाच्या पुंजक्यासारखा एक धूसर ठिपका नुसत्या डोळ्यांनीं दिसतो. इराणांतील अल्-सूफी या ज्योतिर्विदानें दहाव्या शतकांतच त्याची नोंद करून ठेविली आहे. मोठ्या दुर्बिणींतून या ठिपक्याचा आकार भोंवऱ्यासारखा दिसतो, आणि अशा आकाराचे हजारों ठिपके आकाशांत आहेत. हे आहेत तरी काय? आपल्याच आकाशगंगेंत तरंगणारे वायूचे ढग, कीं आपल्या आकाशगंगेच्या बाहेर, अकल्पनीय अंतरावर असलेल्या दुसऱ्या आकाशगंगा? २६ एप्रिल १९२० रोजीं वॉशिंग्टन येथें हार्लो शॅप्ले आणि हीबर कर्टिस या दोन विद्वानांनीं भरसभेंत याच विषयावर आपआपलीं मतें मांडलीं. शॅप्ले यांच्या मतें आपली आकाशगंगाच तीन लक्ष प्रकाशवर्षें रुंद होती, आणि तिच्या पलीकडे असें दुसरें विश्व मानण्याचें कारण नव्हतें. कर्टिस यांच्या मतें हे भोंवरे म्हणजे स्वतंत्र विश्वद्वीपें होतीं. दोघांजवळहि पुरावा होता, परंतु निर्णायक असा कोणाजवळच नव्हता. देवयानींतील त्या ठिपक्याचें अंतर मोजल्याखेरीज वाद मिटणें शक्य नव्हतें.

अंतर मोजण्याचें माप मात्र तयार होतें. हार्वर्ड वेधशाळेंत फोटोच्या कांचा तपासण्याचें काम करणाऱ्या हेन्रिएटा लेव्हिट या बाईंनीं तें शोधून काढलें होतें. कांहीं ताऱ्यांचें तेज ठराविक काळानें कमीजास्त होत असतें. अशा एका जातीस, तिचा नमुना मानलेला तारा वृषपर्वा या तारकासमूहांत आहे म्हणून, वृषपर्वा जातीचे रूपविकारी तारे म्हणतात. लेव्हिटबाईंनीं १९१२ सालीं दाखवून दिलें कीं या जातीचा तारा जितका अधिक तेजस्वी तितका त्याच्या चढउताराचा काळहि अधिक लांब. म्हणजे काळ मोजला कीं ताऱ्याचें खरें तेज कळतें. मग रस्त्याच्या टोंकाशीं असलेल्या दिव्यासारखा हा हिशेब होतो. दिवा किती शक्तीचा आहे हें ठाऊक असलें आणि तो किती मंद दिसतो हें मोजतां आलें, तर तो किती दूर आहे हें सांगतां येतें. कारण अंतर दुप्पट झालें कीं उजेड चौपटीनें घटतो. लेव्हिटबाई १९२१ सालीं वारल्या. त्यांच्या शोधाचा सर्वांत मोठा उपयोग त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांच्या आंत व्हावयाचा होता.

वेधशाळेंतील रात्रीची तयारी दिवसाच सुरू होते. माऊंट विल्सनवर ज्योतिर्विदांच्या राहण्याच्या इमारतीस ‘मठ’ असें म्हणत. खिडक्यांना जाड पडदे लावून मंडळी दिवसा झोंपत आणि सूर्यास्तापूर्वीं जेवणास एकत्र येत. जेवणाच्या टेबलाशींहि क्रम ठरलेला असे. त्या रात्रीं शंभर इंची दुर्बिणीवर ज्याची पाळी असेल त्यानें मुख्य स्थानीं बसावयाचें. तोंवर रात्रीचा मदतनीस घुमटांत पोहोंचलेला असे. या मदतनीसाचें नांव पुस्तकांत क्वचितच येतें, परंतु दुर्बीण खऱ्या अर्थानें तोच चालवी. सुमारें शंभर फूट व्यासाचा घुमट विजेच्या यंत्रानें फिरवावयाचा, त्याचें दार उघडावयाचें, दुर्बीण हव्या त्या स्थानीं आणावयाची, घड्याळाचें वजन चढवावयाचें, वाऱ्याचा आणि दमट हवेचा अंदाज घ्यावयाचा, आणि प्रत्येक फोटोची वेळ वहींत टिपावयाची, हीं सारीं कामें त्याचीं. मिल्टन ह्यूमासन हे असेच मदतनीस होते. त्यांचें शालेय शिक्षण अर्धवट राहिलें होतें. वेधशाळेचें सामान खेंचरांच्या तांड्यावरून डोंगरावर नेण्याचें काम त्यांनीं तरुणपणीं केलें. १९१७ सालीं ते तेथें झाडलोटीच्या नोकरीस लागले, पुढें रात्रीचे मदतनीस झाले, आणि त्यांच्या हाताचें कसब पाहून हेल यांनीं त्यांना ज्योतिर्विदांच्या वर्गांत घेतलें. दूरच्या विश्वांची गति मोजण्याचें पुढील काळांतलें काम बव्हंशीं त्यांच्याच हातून झालें.

घुमट उघडल्याबरोबर काम सुरू होत नाहीं. आरसा बाहेरच्या हवेइतका थंड व्हावा लागतो. हा धडा या दुर्बिणीनें पहिल्याच रात्रीं शिकविला होता. १ नोव्हेंबर १९१७ रोजीं हेल आणि त्यांचे सहकारी गुरूकडे दुर्बीण वळवून पाहूं लागले, तों एका गुरूऐवजीं एकांत एक मिसळलेले सहा-सात गुरू दिसले! आरसा बिघडला असें समजून सारे हताश झाले. परंतु दिवसा कामगारांनीं घुमट उघडा ठेवला होता आणि उन्हानें आरसा तापला होता, हें कोणीतरी लक्षांत आणून दिलें. पहाटे पुन्हां पाहिलें तेव्हां तारा सुईच्या टोंकासारखा स्वच्छ दिसला. म्हणूनच घुमटांत शेगडी नाहीं, ऊब नाहीं. डोंगरावरची थंडी वेध घेणाऱ्यानें मुकाट्यानें सोसावयाची असते. जाड कोट हेंच काय तें संरक्षण.

१९२३ च्या शरद्‌ऋतूंत देवयानीचे वेध घेणारे ज्योतिर्विद् होते एड्विन हबल. वय चौतिसाच्या आंत. ऑक्सफर्डला कायद्याचा अभ्यास केलेले, पहिल्या महायुद्धांत सैन्यांत जाऊन आलेले, आणि १९१९ पासून माऊंट विल्सनवर काम करणारे. देवयानींत अधूनमधून नवतारे प्रकट होतात, म्हणजे एखादा मंद तारा एकाएकीं भडकतो आणि मग विझत जातो. असे नवतारे हुडकावे हा त्यांचा उद्योग होता. ४ ऑक्टोबरच्या रात्रीं हवा वाईट होती. तरीहि रात्र फुकट न दवडतां त्यांनीं ४० मिनिटांचा एक फोटो घेतला. त्या कांचेवर एक संशयास्पद ठिपका दिसला. तो नवतारा कीं कांचेवरील निव्वळ दोष? हें ठरविण्यास दुसरी कांच पाहिजे होती.

दुसऱ्या रात्रीं, म्हणजे ५ तारखेस, पुन्हां दुर्बीण देवयानीकडे वळली. कृष्णपक्ष संपत आला होता. अमावास्या चार-पांच दिवसांवर होती, म्हणून चंद्राचा उपद्रव मध्यरात्र उलटून जाईपर्यंत नव्हता. ऑक्टोबरच्या आरंभीं देवयानी मध्यरात्रीच्या सुमारास तेथें जवळजवळ माथ्यावर येते. माथ्यावरच्या ताऱ्याचा प्रकाश हवेच्या सर्वांत पातळ थरांतून येतो, तेव्हां मिळेल तेवढी संधि साधून घ्यावयाची.

फोटो घेणें म्हणजे केवळ झांकण काढून बसून राहणें नव्हे. वेध घेणारा जमिनीपासून उंच अशा मंचावर, अंधारांत, दुर्बिणीच्या वरच्या टोंकाजवळ असतो. कांचेच्या शेजारीं एक छोटें भिंग असतें. त्यांत एकमेकांस छेदणारे दोन बारीक तंतु ताणलेले असतात. जवळचा एखादा तारा त्या तंतूंच्या छेदावर आणावयाचा आणि तेथून तो हलूं द्यावयाचा नाहीं. घड्याळ कितीहि चांगलें असलें तरी तें क्षणभर पुढें-मागें होतेंच; दुर्बीण स्वतःच्या भारानें किंचित् वांकते; हवा ताऱ्याला नाचविते. तारा तंतूवरून निसटूं लागला कीं ताबडतोब हाताखालच्या यंत्रानें त्याला परत आणावयाचें. पाऊण तासपर्यंत डोळा तेथून काढतां येत नाहीं. बोटें थंडीनें बधिर होतात, मान अवघडते, डोळ्यांत पाणी येतें. परंतु एका मिनिटाची गफलत झाली तर पाऊण तासाचा प्रकाश वायां जातो. देवयानींतून येणारा हा प्रकाश कांचेवर थेंबथेंब सांठत असतो. त्या काळच्या कांचा मोठ्या मंद होत्या. त्यांच्यावर पडणाऱ्या प्रकाशांतील बराचसा भाग त्या पकडीतच नसत.

४५ मिनिटांनीं झांकण लागलें. कांच अंधाऱ्या खोलींत नेऊन रसायनांत धुतली गेली. तिच्यावर ओळखीसाठीं एच् ३३५ एच् असा अंक पडला: पहिला एच् हूकर दुर्बिणीचा, मग कांचेचा अनुक्रम, आणि शेवटचा एच् हबल यांचा. आदल्या रात्रींचा ठिपका याहि कांचेवर होता, इतकेंच नव्हे तर आणखी दोन ठिपके नवीन दिसत होते. हबल यांनीं तिन्ही ठिपक्यांपाशीं नवताऱ्याची खूण म्हणून शाईनें इंग्रजी ‘एन्’ हें अक्षर लिहिलें.

येथपर्यंत कांहींच विशेष घडलेलें नव्हतें. खरी गोष्ट पुढें दिवसाच्या उजेडांत घडली. माऊंट विल्सनवर १९०९ पासून घेतलेले देवयानीचे फोटो जपून ठेवलेले होते. निरनिराळ्या लोकांनीं, निरनिराळ्या हेतूंनीं, अशाच थंड रात्रीं घेतलेल्या त्या कांचा हबल यांनीं एकेक करून नव्या कांचेशीं ताडून पाहिल्या. दोन ठिपके नवतारेच ठरले. तिसरा मात्र जुन्या कांचांवरहि सांपडला. कांहींवर तेजस्वी, कांहींवर मंद, कांहींवर अदृश्य. नवतारा एकदां भडकून विझतो. हा पुन्हां पुन्हां उजळत होता. हबल यांनीं त्या ठिपक्यापाशींचें ‘एन्’ हें अक्षर खोडलें आणि तेथें ‘व्हार’, म्हणजे रूपविकारी तारा, असें लिहून पुढें उद्गारचिन्ह काढलें. ती कांच पासाडेना येथें आजहि जतन केलेली आहे, आणि सरकारी दप्तरासारख्या रुक्ष नोंदींमध्यें तें एकच उद्गारचिन्ह अजून पाहावयास मिळतें.

पुढील कांहीं महिने त्याच ताऱ्यावर लक्ष ठेवून हबल यांनीं त्याचा काळ मोजला. तो सुमारें ३१.४ दिवस भरला. चढउताराची तऱ्हा वृषपर्वा जातीचीच होती. इतक्या लांब काळाचा तारा सूर्याहून हजारों पटींनीं तेजस्वी असावयास पाहिजे. आणि दिसत तर होता अवघा अठराव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांनीं दिसणाऱ्या मंदांतल्या मंद ताऱ्याहून हजारों पटींनीं मंद. हिशेब उघड होता. देवयानी सुमारें ९ लक्ष ३० हजार प्रकाशवर्षें दूर ठरली. शॅप्ले यांची आकाशगंगा तीन लक्ष प्रकाशवर्षांची. तिच्या सीमेंत हा तारा बसणें अशक्य होतें. फेब्रुवारी १९२४ मध्यें हबल यांनीं पत्र लिहून शॅप्ले यांनाच ही बातमी प्रथम कळविली. त्या वेळीं तेथें असलेल्या सेसिलिया पेन या ज्योतिर्विदुषीनें पुढें सांगितलें आहे कीं, आपल्या कल्पनेंतील विश्व या पत्रानें मोडून टाकलें असें शॅप्ले यांनीं पत्र दाखवून कबूल केलें. पराभव इतक्या सरळपणें मान्य करणें हें थोड्यांनाच साधतें. १ जानेवारी १९२५ रोजीं वॉशिंग्टन येथील सभेंत हबल यांचा निबंध वाचला गेला. ते स्वतः तेथें हजर नव्हते.

या आंकड्यांत पुढें मोठी दुरुस्ती झाली, आणि तीहि याच दुर्बिणीपासून निघाली. लॉस एंजेलिस शहर वाढत गेलें तसा त्याचा उजेड डोंगरावरच्या आकाशांत चढूं लागला आणि मंद तारे त्यांत बुडूं लागले. दुसऱ्या महायुद्धांत शत्रूच्या भीतीनें किनाऱ्यावरील दिवे मंद केले गेले. वॉल्टर बाडे हे जन्मानें जर्मन असल्यामुळें त्यांना युद्धकार्यांत घेतलें गेलें नव्हतें. त्यांनीं १९४३ च्या त्या अंधारांत देवयानीच्या गाभ्यांतले तारे वेगवेगळे टिपले. त्यांच्या कामांतून असें निष्पन्न झालें कीं वृषपर्वा जातीच्या ताऱ्यांत दोन प्रकार आहेत आणि जुन्या मोजणींत त्यांची गल्लत झाली आहे. १९५२ सालीं देवयानीचें अंतर सुमारें दुप्पट धरलें गेलें. आजच्या मोजणीनें तें सुमारें २५ लक्ष प्रकाशवर्षें येतें. हबल यांचा आंकडा अशा रीतीनें चुकला; परंतु देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे, हा त्यांचा निर्णय मात्र त्या दुरुस्तीनें अधिकच बळकट झाला.

युद्ध संपल्यावर दिवे पुन्हां लागले, आणि दूरच्या मंद वस्तूंचें काम १९४८ सालीं उघडलेल्या पालोमार पर्वतावरील दोनशें इंची दुर्बिणीकडे गेलें. १९८५ सालीं शंभर इंची दुर्बीण बंद ठेवण्यांत आली; कांहीं वर्षांनीं ती पुन्हां चालूं झाली. ज्या यंत्राला अर्धें शतक फोटोच्या कांचेखेरीज क्वचितच कांहीं दिसलें, त्यांतून आतां सामान्य स्त्रीपुरुषहि ठरलेल्या रात्रीं डोळा लावून पाहूं शकतात. मोठ्या वेधशाळांतून फोटोच्या कांचाहि गेल्या. त्यांच्या जागीं आलेले विजेचे ग्राहक पडलेल्या प्रकाशांतील बहुतेक भाग टिपतात. मार्गदर्शक ताऱ्यावर यंत्रच पहारा ठेवतें. आणि वेध घेणारा उबदार खोलींत, कधीं शेंकडों कोस दूरहि, बसलेला असतो. तथापि आरसा थंड होण्याची वाट आजहि पाहावी लागते, ढग आले तर आजहि घुमट मिटावा लागतो, आणि गेलेली रात्र आजहि परत मिळत नाहीं.

देवयानींतला तो ठिपका पाहण्यास मात्र शंभर इंची आरसा लागत नाहीं. कार्तिकांतल्या अंधाऱ्या रात्रीं, आठ-नऊच्या सुमारास, शहराच्या दिव्यांपासून दूर जाऊन माथ्यापासून किंचित् उत्तरेकडे पाहावें. इंग्रजी ‘एम्’ अक्षरासारखी शर्मिष्ठा तेथें सहज ओळखूं येते. तिच्या दक्षिणेस देवयानीच्या ताऱ्यांची ओळ आहे, आणि त्या दोहोंच्या मध्यें तो लहानसा धुरकट पुंजका. डोळे अंधाराला सरावण्यास पंधरा-वीस मिनिटें द्यावींत आणि नजर थोडी बाजूला ठेवावी, म्हणजे तो दिसतो. जो प्रकाश त्या वेळीं डोळ्यांत शिरतो तो तेथून निघाला तेव्हां पृथ्वीवर आजचा मनुष्य जन्मासहि आला नव्हता.